सकाळी सोडायचं, भरलं की बंद

आमच्या कॉलनीत पाणी येत नसे, सोडलं जात असे. सोडणारा माणूस एकच, पाणीकाका. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पगारपत्रकात कुठेतरी असेल, पण ते कुणाच्या तोंडात नाही. ज्या पोरांनी त्यांना हे नाव ठेवलं ती आता आपल्या पोरांना शाळेत सोडायला जातात, आणि काका अजून पाणीकाकाच आहेत.

चार इमारती, प्रत्येकीच्या डोक्यावर एक टाकी आणि खाली जमिनीत एक मोठा हौद. कुठल्या इमारतीला केव्हा आणि किती पाणी चढवायचं, हे सगळं काकांच्या हातातल्या लांब दांड्याच्या लोखंडी चावीवर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर फडकं आणि चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्या मास्तरांचा भाव. टाकी भरत आली की पाइपाचा आवाज बदलतो म्हणायचे. पाइपाला कान लावून उभे राहायचे, मग मान हलवायची, "हं, आता हिचा गळा भरून आला," आणि चावी फिरवायची. कुणी विचारलं की काका, आमच्याकडे आज कमी आलं का, तर उत्तर तयार असायचं. "तुमच्याकडे कमी आलं नाही वहिनी, तुमच्याकडे पाहुणे जास्त आलेत."

माझं स्वयंपाकघर पंपरूमच्या समोर. त्यामुळे त्यांचा दिवस आणि माझा दिवस कायम एकमेकांना दिसत राहिला. दुपारचा चहा ते आमच्या ओट्याला टेकून उभ्या उभ्याच घ्यायचे. त्यांचा एकच राग होता, विनाकारण चालू असलेल्या वस्तूंचा. जिन्यातला दिवा दिवसा जळताना दिसला की तीन मजले चढून जातील पण बंद करून येतील. आमच्या पुढच्या खोलीत कुणी नसताना पंखा फिरत असला, तर चहाचा कप खाली ठेवून आत जायचे, बंद करायचे, परत यायचे. "ताई, तो कोणासाठी फिरतोय?" मी हसायचे. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही.

पंपरूमच्या मागे सोसायटीनं दिलेल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी राहायची. मुलगी दुसरीत असताना आई गेली. आम्ही सगळे तिला छोटी म्हणायचो. तिची वेणी काकाच घालायचे, पंपरूमच्या पायरीवर बसून, ओल्या हातांनी. वेणी एका बाजूला कललेली असायची. शाळेची व्हॅन येण्याआधी ती माझ्याकडे धावत यायची, मी ती सोडून परत घालून द्यायचे, आणि "बाबांना सांगू नका हं काकू," म्हणून ती पळायची. मोटरच्या घरघरीत अभ्यास होत नाही म्हणून ती माझ्या जेवणाच्या टेबलावर बसायची. तरी मोटर बंद झाली की वहीतून डोकं न काढता सांगायची, "बी इमारत झाली. आता सी."

तीच पोर पुढे यंत्रांच्या मोजमापाचं शिकली आणि पाण्याच्या टाक्यांना, मोटरींना आपोआप चालू-बंद करणारी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. गाव दुसरं, पाच-सहा तासांच्या बसच्या अंतरावरचं. काकांना केवढा अभिमान. "माझंच काम करते," सांगायचे, "फक्त कोरड्या हातांनी."

पहिल्या पगारात तिनं त्यांना फोन घेऊन दिला. कामात असताना काका फोन कधीच उचलायचे नाहीत. ओल्या हातानं फोन धरायचा नाही हा नियम. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पंपरूमच्या खणात. म्हणून छोटीनं दोघांच्या फोनवर एकच कॅलेंडर लावलं. तिच्या कामाचे दौरे, सुट्ट्या, घरी येण्याचे दिवस, काकांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या कधी संपतात, डोळे कधी तपासायचे, सगळं त्यात. ती तिकडे टाकणार, यांना इकडे दिसणार. "मी काय म्हणते बाबा, मला फोन लागला नाही तरी चालेल. मी इथं लिहीन. तुम्ही बघत जा म्हणजे झालं."

काका बघायचे. तिनं लिहिलेल्याच्या खाली एक शब्द टाइप करायला शिकले होते, "बरं". बाकी त्यांच्याकडून कधी काही लिहिलं गेलं नाही. छोटीनं लिहायचं आणि त्यांनी बरं म्हणायचं. आणि बापलेकीचा संसार त्यावर छान चालला होता.

एका दुपारी चहाच्या वेळी काका फोन घेऊन आले, खूप काहीतरी सापडल्यासारखे. "ताई, याची बॅटरी दुपारपर्यंत का संपते ते कळलं. हे बघा." सेटिंगमध्ये बोट फिरवत त्यांनी मला एक बटण दाखवलं, ऑटो सिंक. "हा दिवसभर वर-खाली करत बसतो. कुणी काही पाठवलं असेल का, मी काही पाठवू का. कुणी काही पाठवलेलं नसतं. आतल्या आत धावतोय वेडा."

"अहो काका, तेच तर त्याचं काम आहे. राहू द्या चालू."

"चोवीस तास नळ उघडा ठेवून कुणी झोपतं का?" ते म्हणाले. "सकाळी सोडायचं. काय यायचं ते येऊ द्यायचं. भरलं की बंद. बंद करताना हा विचारतोसुद्धा, नक्की का म्हणून. आमची ही विचारायची तसं."

आणि खरंच, त्या दिवसापासून तो त्यांचा शिरस्ता झाला. सकाळी पहिली इमारत लावली की हात फडक्याला पुसायचे, पिशवीतून फोन काढायचा, सिंक सोडायचं. गोल बाण फिरायचे थांबले की काय आलं ते वाचायचं, "बरं" लिहायचं, ते गेलं याची खात्री करायची आणि परत बंद. बॅटरी दोन दोन दिवस टिकायला लागली. त्यांनी हे इमारतीतल्या वॉचमनलाही शिकवलं. छोटीला मात्र कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. जिन्यातला दिवा बंद केला हे काय फोन करून सांगतो माणूस?

मग आला तो डबा.

कमिटीच्या सभेत सेक्रेटरींनी जाहीर केलं की चारही टाक्यांना आता आपोआप चालणारी यंत्रणा बसणार, आणि ती निम्म्या किमतीत मिळतेय, कारण आपल्याच कॉलनीतली एक मुलगी त्या कंपनीत आहे. टाळ्या वाजल्या. सभेसाठी खास आलेली छोटी पुढे उभी होती, लाजून हसत होती. तिनं बाबांना आधी सांगितलं नव्हतं, तिला त्यांना चकित करायचं होतं. काका मागे दाराशी उभे होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या शेजारीच होते. दोन टाळ्या वाजवून त्यांनी हात पँटला पुसले.

डबा बसला. भिंतीवर हिरवा दिवा, आणि खाली एक खटका, ऑटो आणि मॅन्युअल. डबा चांगला चालायचा, हे सांगायला हवं. टाकी कधी ओसंडली नाही, कधी कोरडी पडली नाही. काकांची नोकरीही कुणी काढली नाही, देखरेखीला माणूस हवाच होता. पण छोटी गेली की काका तो खटका मॅन्युअलवर टाकायचे आणि चावी घेऊन निघायचे. पुढच्या वेळी ती न सांगता सकाळीच आली, तेव्हा काका सी इमारतीच्या व्हॉल्व्हवर वाकलेले.

मी पोळ्या करत होते. खिडकी उघडी होती.

"बाबा, हे मॅन्युअलवर कुणी टाकलं?"

"मी."

"बिघडलंय का?"

"नाही. चांगलं आहे तुझं यंत्र."

"मग?"

"मग काय? मी आहे ना."

"तुमच्या गुडघ्यांकडे बघा एकदा. उठताना भिंत धरता तुम्ही. मी कुणासाठी केलं हे सगळं?"

"गुडघे माझे आहेत." काका सरळ उभे राहिले, चावी हातात तशीच. "तुला शिकवलं ते मला घरी बसवायला का? माझ्या जागी डबा आणून बसवलास, आणि वर सगळ्यांसमोर टाळ्या घेतल्यास. तुझ्या आईनं बघितलं असतं तर काय वाटलं असतं तिला?"

आईचं नाव काढायला नको होतं. छोटीनं खटका परत ऑटोवर टाकला नाही, बॅग उघडलीही नाही. जशी आली तशीच फाटकातून बाहेर पडली. काका व्हॉल्व्हवर पुन्हा वाकले. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत फोन होईल. झाला तो आठवड्यानं, आणि त्यातही दोघं भांडलेच. त्यानंतर फोन बंद.

कॅलेंडर मात्र चालू राहिलं. ते माझ्या मनात अजून आहे. एकमेकांशी शब्द नाही, पण तिचा दौरा असला की ती लिहायची. त्यांच्या गोळ्या संपायच्या दिवशी न चुकता तिची आठवण यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी यांचं "बरं". काका चहा घेताना मला वाचून दाखवायचे. "आज डोंगराकडच्या कुठल्या गावात आहे. थंडी असेल." मी म्हणायचे, फोन करा की. "करेन," म्हणायचे. "आधी तिनं करावा असं नाही हो माझं. पण काय बोलायचं ते जमलं पाहिजे ना."

मग एका सकाळी नोंद आली. कंपनी तिला परदेशी पाठवतेय, दोन वर्षांसाठी. महिनाअखेरीला निघायचं, त्याआधी दोन दिवस घरी येईन.

त्या दिवशी काकांनी चहा अर्धा सोडला. दुसऱ्या दिवसापासून ते वेगळेच झाले. तिच्या खोलीतल्या भिंतीला स्वतः रंग दिला. नवी चादर आणली आणि मला दाखवायला आणली, फार भडक नाही ना म्हणून. डब्याचा खटका ऑटोवर टाकला आणि तसाच राहू दिला. दिवसभर काम नसल्यामुळे कॉलनीभर हिंडायचे, जिन्यातले दिवे शोधत. एकदा ओट्याशी उभं राहून मला म्हणाले, "तिला म्हणेन, छोटे, चुकलं माझं. तुझ्या आईला आनंदच झाला असता. असं म्हटलं तर चालेल ना, ताई? फार नाटकी नाही ना वाटणार?"

"अगदी असंच म्हणा," मी म्हणाले.

"तोंडावर म्हणायचं. फोनवर नको. फोनवर माझा आवाज चिडल्यासारखा येतो."

कंपनीनं तारीख अलीकडे आणली. हे छोटीला सकाळी कळलं, आणि त्याच दिवशी दुपारच्या बसनं तिला विमानतळाच्या शहराकडे निघावं लागलं. घरी यायला वेळच नव्हता. पण ती बस आमच्या गावाबाहेरच्या हायवेवरून जाते, आणि प्रवाशांच्या जेवणासाठी तिथल्या ढाब्यावर संध्याकाळी थांबते. कॉलनीतून रिक्षानं फार लांब नाही. तिनं बसमध्ये बसल्या बसल्या कॅलेंडर उघडलं, घरी येण्याची जुनी नोंद काढून टाकली आणि नवी लिहिली. "आजच निघाले. घरी येता येत नाही. बस संध्याकाळी हायवेच्या ढाब्यावर थांबेल. बाबा आले तर बरं वाटेल. नाही आले तरी समजेन."

फोन तिनं मुद्दाम केला नाही, हे तिनं नंतर सांगितलं. फोन केला असता तर ते यावंच लागलं म्हणून आले असते. तिला ते आपणहून यायला हवे होते.

आणि काकांनी सकाळी सिंक सोडून, काही नवीन नाही बघून, बंद करून फोन पिशवीत घातला होता. त्या संध्याकाळी ते माझ्यासमोर पंपरूमच्या पायरीवर बसून तिच्या खोलीच्या दाराची बिजागरी घासत होते. कुरकुरते म्हणून. मी खिडकीतून विचारलं, "झालं का दार?" तर म्हणाले, "झालं. आता आली की आवाज नाही व्हायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत उभी होते. काकांनी हात पुसले, फोन काढला, सिंक सोडलं. वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा वाचलं. ते माझ्याकडे आले तेव्हा फोन पुढे धरलेला होता, मला वाचायला, पण हातातून सोडत नव्हते. "कालचं आहे," एवढंच म्हणाले. "ताई, हे कालचं आहे."

तिचा फोन लागला नाही. ढाब्यावर जाऊन आले, तिथं कालचं काय असणार? दोन दिवसांनी कॅलेंडरमध्ये तिचा तिकडचा नवा नंबर आला. काकांनी फोन माझ्या स्वयंपाकघरातून केला. सिंक म्हणजे काय ते नीट सांगता आलं नाही तर मी सांगावं म्हणून. स्पीकर लावला, हात ओट्यावर टेकले.

"छोटे, अगं मला कळलंच नाही गं. ते सिंक बंद होतं फोनचं."

ती म्हणाली, "मी जेवले नाही बाबा. रस्त्याच्या कडेलाच उभी होते. प्रत्येक रिक्षा बघत होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी म्हटलं, अजून एक येतेय ती बघू."

"अगं, मी घरीच होतो. तुझं दार..."

"बाबा, ते बंद होतं, की तुम्ही बंद ठेवलं होतं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? यंत्रांची माहिती त्या पोरीला माझ्याहून जास्त. लावून देताना चालू होतं, हे तिला ठाऊक होतं.

"मी ठेवलं होतं," काका म्हणाले. "रोजच ठेवतो. सकाळी थोडा वेळ सोडतो."

"रोज? पहिल्यापासून?"

"बॅटरी फार खातं गं ते."

"म्हणजे मी लिहिलेलं तुम्ही दुसऱ्या दिवशी बघत होता." ती थोडीशी हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकवेना. "मला वाटायचं, लगेच बघतात आणि बरं म्हणायला कधी अर्धा, कधी पूर्ण दिवस घेतात. मी त्या उशिरावरून तुमचा राग मोजत होते, बाबा. आज किती कमी झाला, किती राहिला."

"राग नव्हताच गं. चुकलं माझं. तुझ्या आईला..."

"असू दे, बाबा. गोळ्या घेताय ना?"

ते पाठ केलेलं वाक्य तिथंच राहिलं. फोन ठेवल्यावर काकांनी मला विचारलं, "पटलं का हो तिला?"

"पटलं असेल की. खरं तेच तर सांगितलंत."

"खरं सांगितलं," ते म्हणाले. "पण मी तिच्या जागी असतो तर मला नसतं पटलं."

त्याला आता बराच काळ झाला. काकांच्या फोनचं सिंक आता रात्रंदिवस चालू असतं. फोन शर्टाच्या खिशात, हात ओले असले तरी काढून बघतात. दुपारपर्यंत बॅटरी संपते, मग माझ्या ओट्यावर चार्जिंगला लावून तिथंच उभे राहतात. पण कॅलेंडरमध्ये आता काही येत नाही. छोटी रविवारी फोन करते, न चुकता करते, चांगलं बोलते. तिकडचा बर्फ, घराचं भाडं, साहेबाचा विक्षिप्तपणा. दोन वर्षांची तीन झाली, तीही संपत आली. घरी यायचं ती बोलत नाही, आणि काका विचारत नाहीत.

ती ढाब्याची नोंद त्यांच्या फोनमध्ये होती. कधी कधी मागे मागे जाऊन काढून बघायचे. मी एकदा म्हटलं, कशाला सारखं तेच, काढून टाका. म्हणाले, "इथून काढली तर तिच्याकडचीही जाईल ना? तिला हवी असेल तर?"

मागच्या महिन्यात एका दुपारी ते आले. "ताई, ती नाहीये." मी तो महिना काढला, तो दिवस काढला. कोरा. पुढचे-मागचे दिवसही कोरे. गोळ्यांच्या नोंदीसुद्धा गेल्या होत्या.

"माझ्याकडून नकळत दाबलं गेलं का?"

"एवढं सगळं नकळत कसं जाईल, काका? तिकडूनच गेलं असणार."

रविवारी त्यांनी तिला विचारलं. मी समोरच होते. ती म्हणाली, "हो बाबा, फोन बदलला ना, तेव्हा जुनं सगळं साफ केलं. कशाला ठेवायचं ते?" हे अगदी सहज म्हणाली, जसं कपाट आवरल्याचं सांगावं. काका म्हणाले, "नाही, नाही, बरोबर आहे." ती पुढं काही दुसरंच सांगायला लागली आणि ते ऐकत राहिले, ओट्यावरच्या पाण्याच्या थेंबावर बोट फिरवत. तिच्या मनातून ते गेलं याचं वाईट वाटावं की बरं, ते त्यांना कळत नव्हतं. मलाही कळलं नाही. माझ्या मते ती चिडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. कुणी चिडलेलं असलं की समजूत काढता येते.

फोन ठेवायच्या आधी मात्र त्यांनी विचारलं. "छोटे, मी येऊ का तिकडं? तुला वेळ असेल तेव्हा."

"तुम्ही? एवढ्या लांब? थंडी सोसणार नाही तुम्हाला, बाबा. उन्हाळ्यात बघू."

"चालेल. उन्हाळ्यात."

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी पासपोर्टसाठी फोटो काढून आणले. फोटोवाल्यानं शर्टाचं वरचं बटण लावायला लावलं म्हणे, त्यामुळे चेहरा रागावल्यासारखा आलाय. आता त्या चार फोटोंचं पाकीट खिशात फोनच्या शेजारी असतं. चहा घेताना मला म्हणाले, "उन्हाळ्यात बघू म्हणाली." मी म्हटलं, हो ना. कुठल्या उन्हाळ्यात, हे त्यांनी तिला विचारलेलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नाही.